आण्णांसोबत मिस्बोर्नच्या काठाने

आई-आण्णा पहिल्यांदा आमच्याकडे लंडनच्या हॅरो भागात आले तेव्हा लंडनमधली ठरलेली ठिकाणं लवकरच बघून झाली. आण्णा सगळं नीट बघायचे, पण रेल्वेच्या खिडकीतून शेत दिसलं की मान तिकडे वळायची. कराडजवळच्या आमच्या गावात त्यांनी जन्मभर शेती केली. या माणसाला इथल्या शेतातून चालवून आणायचं, असं मी ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. आईचे गुडघे दुखतात, ती साडीच नेसते, आणि मला स्वतःला डोंगर चढायची हौस नाही. शिवाय आमच्याकडे गाडी नाही. त्यामुळे एका स्टेशनवर उतरून दुसऱ्या स्टेशनवर चढता येईल अशी वाट हवी होती; चढ कमी, मध्ये बसायला गाव आणि चहा. हॅरो-ऑन-द-हिलवरून चिल्टर्नच्या टेकड्यांकडे थेट गाडी जाते. ग्रेट मिसेंडनला उतरायचं, मिस्बोर्न नदीच्या खोऱ्याने लिटल मिसेंडनवरून अ‍ॅमरशॅमला यायचं. आठ-नऊ किलोमीटर, जवळजवळ सगळं सपाट. शेवटी तेवढा एक चढ.

फोनवरच्या नेहमीच्या नकाशावर इथल्या बऱ्याचशा पायवाटा दिसतच नाहीत. त्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी कव्हरचा एक्सप्लोरर नकाशा घ्यावा. त्यात चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, आणि प्रत्येक कुंपण दाखवलेलं असतं. पायवाट कुंपणाच्या या बाजूने आहे की त्या बाजूने, हे आधीच कळतं. हिरवी तुटक रेघ म्हणजे सार्वजनिक वाट. रेघेचे तुकडे छोटे असतील तर फक्त चालणाऱ्यांसाठी, लांब असतील तर घोडा आणि सायकलही चालते. प्रत्यक्ष वाटेवर खांबाला बाण ठोकलेले असतात : पिवळा पायी जाणाऱ्यांचा, निळा घोडेवाल्यांचा. मी नकाशा घेऊन आधी एकटीच ती वाट चालून आले. आईसाठी कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या किती आहेत, हे मला बघायचं होतं. या पायऱ्यांना इथे स्टाइल म्हणतात आणि दुखऱ्या गुडघ्यांना त्या फार जड जातात. चिल्टर्न सोसायटीचे स्वयंसेवक गेली कित्येक वर्षं त्या काढून तिथे फाटकं बसवत आहेत. लोकांच्या देणग्यांतून आणि स्वतःच्या हातांनी केलेल्या या कामामुळे माझ्या आईसारख्या किती जणींना ही शेतं मोकळी झाली असतील! मला त्या लोकांबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

मे महिन्याच्या सुरुवातीला आम्ही निघालो. हा काळ मुद्दाम निवडला होता. मार्चपर्यंत इथे चिखल असतो, आणि जूननंतर वाटेच्या कडेची खाजकुयलीसारखी झोंबणारी नेटल कमरेपर्यंत वाढते. आईला बूट घालायला लावले, साडी थोडी वर खोचायला सांगितली. तिने दोन्ही ऐकलं.

गाव मागे पडलं आणि वाट थेट एका गव्हाच्या शेतात शिरली. पीक गुडघाभर, हिरवंगार, आणि मधून माणूस जाईल एवढी सरळ पट्टी. आण्णा फाटकातच थांबले.

"ताई, हे कुणाचं रान आहे?"

"कुणाचं तरी असेलच की, आण्णा. पण वाट सगळ्यांची आहे."

"उभ्या पिकातनं जायचं? मालकाला विचारलंस का?"

त्यांचा पाय उचलेना. दुसऱ्याच्या बांधावरून जातानाही हाक मारून जाणारा हा माणूस. मी खांबावरचा पिवळा बाण दाखवला, नकाशावरची रेघ दाखवली, आणि मला ठाऊक होतं तेवढं तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. १९४९च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या कौंटी कौन्सिलांना आपापल्या हद्दीतल्या सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. त्या नकाशावर वाट असली की जमीन विकली गेली, मालक बदलला, तरी वाट राहते. शेतकऱ्याने शेताच्या मधली वाट पेरणीसाठी नांगरली, तर चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, किमान एक मीटर रुंद, आणि पीक वाढलं तरी वाटेवर येऊ द्यायचं नाही. शेताच्या कडेची वाट तर नांगरायचीच नाही. एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षं बिनविरोध, उघडपणे येत-जात असतील, तर ती सार्वजनिक झाली असं कायदा धरून चालतो.

वीस वर्षं म्हटल्याबरोबर आण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "वहिवाटीला आपल्याकडं पण वीसच वर्षं लागतात."

हे त्यांना पाठ आहे. आमच्या गावची पाणंद दोन्ही बाजूंनी नांगरत नांगरत इतकी अरुंद झाली होती की उसाची गाडी जाईना. १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली आण्णांनी अर्ज केला, गावनकाशाची नक्कल काढली, पंचनाम्याला उभे राहिले. शेजाऱ्यांशी बोलणं तुटलं ते अजून पूर्ण जुळलेलं नाही. नकाशावर रस्ता असणं आणि जमिनीवर रस्ता असणं यांतलं अंतर त्यांनी स्वतः चालून पार केलं आहे.

मग ते त्या गव्हात शिरले, वाकून पट्टीची रुंदी वितीने मोजली, आणि पलीकडच्या फाटकापर्यंत काही बोलले नाहीत. फाटक लावून घेतल्यावर म्हणाले, "मीटरभर आहे. सोडलंय त्यानं." त्यांच्या आवाजात त्या न दिसलेल्या शेतकऱ्याबद्दल आदर होता.

पुढे ते खुलले. पिवळ्याधमक शेतात शिरून पान चुरगाळून वास घेतला आणि मोहरीच्या जातीचं आहे म्हणाले. बरोबरच, ते रेपसीड होतं. नांगरलेल्या रानात चकमकीचे दगड पाहून त्यांना वाईट वाटलं, फाळ किती झिजत असतील म्हणून. डोक्यावर घारी फिरत होत्या, दुभंगलेल्या शेपटीच्या. एकोणिसाव्या शतकात माणसांनी इंग्लंडमधून ही लाल घार संपवली होती. १९८९पासून पुढची काही वर्षं स्पेनमधून पिल्लं आणून इथे सोडली, आणि आता चिल्टर्नमध्ये ती सतत दिसते.

गायींच्या कुरणात मात्र मी पुढे झाले. वासरं बरोबर असतील तर गायींपासून लांबून, वळसा घेऊन जायचं, मध्ये शिरायचं नाही. आईला गाय दिसली की हात लावायला जायची सवय, तिला हे दोनदा सांगावं लागलं.

लिटल मिसेंडनच्या चर्चमध्ये आम्ही बराच वेळ बसलो. भिंतीवर तेराव्या शतकातलं चित्र आहे, संत ख्रिस्तोफर बाळाला खांद्यावर घेऊन नदी ओलांडतोय. चुन्याखाली झाकलेलं ते १९३१ साली सापडलं. हा वाटसरूंचा संत, असं सांगितल्यावर आईने हात जोडले आणि वसुदेवाची आठवण काढली.

तिथून शार्डेलोजचा वाडा दिसतो तो पट्टा झटकन सरला. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना तिथल्या गरोदर बायकांसाठी या वाड्यात प्रसूतिगृह होतं. आईला आत जाऊन बघायचं होतं, पण तिथे आता लोक राहतात. जुन्या अ‍ॅमरशॅममध्ये १६८२चा मार्केट हॉल आहे, विटांच्या कमानींवर उभा. जवळच चहा घेतला.

शेवटचा चढ पार्सोनेज वुड या जंगलातून. बीचची उंच झाडं, कोवळी पोपटी पानं, खाली ब्लूबेलची निळी फुलं. याच टेकड्यांवरच्या बीचच्या लाकडातून कारागीर रानातच बसून खुर्च्यांचे पाय कातायचे आणि ते हाय विकमच्या कारखान्यांना विकायचे. आई थांबत थांबत, माझा हात धरून वर आली. वरून स्टेशन अगदी जवळ आहे.

गाडीत आण्णांनी नकाशा मांडीवर पसरला. हिरव्या रेघांवरून बोट फिरवत ते विचारत होते, ही कुठे जाते, ती कुठे. मी त्यांना पुढच्या वेळची वाट सांगितली : वेंडोव्हरहून कूम्ब हिल, आणि पुढे रिजवे ही लांब पल्ल्याची पायवाट. ती चेकर्सच्या, म्हणजे ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या गावाकडच्या घराच्या, गाडीरस्ताच ओलांडून जाते.

"फाटक आहे का तिथं?" आण्णांनी विचारलं.

"दोन्ही बाजूंना."

"मग आईला जमेल," ते म्हणाले, आणि नकाशाची घडी घालायला लागले.