आधी मॅगझीन, मग स्लाइड

खंडेनवमी दोन दिवसांवर आली म्हणून रविवारी पिस्तूल खोलून बसलो. गावी आमच्याकडे कोयता, पहार, विळी सगळं घासूनपुसून पूजेला लागायचं, इथे टेक्ससमध्ये ग्लॉक १७ आहे, तर तेही स्वच्छच मांडायचं.

गोळ्यांचा डबा आधी दुसऱ्या खोलीत ठेवतो. मग मॅगझीन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढायचं आणि त्यानंतरच स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची, हा क्रम कृपा करून कधीच उलटा करू नका. मॅगझीन आत असताना स्लाइड ओढली की चेंबरमधली (बॅरलच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या खोबणीतली) गोळी टपकन बाहेर पडते, माणसाला वाटतं झालं रिकामं, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये ढकलून जाते, मग मॅगझीन काढलं तरी ती आतच! आणि ग्लॉक खोलायला ट्रिगर दाबावाच लागतो. म्हणून मी नुसतं बघत नाही, चेंबरमध्ये करंगळी घालून चाचपतो, दोनदा.

मग स्लाइड पुढे सोडून, सुरक्षित दिशेला धरून ट्रिगर. त्यानंतर स्लाइड अगदी दोन-तीन मिलीमीटर मागे धरायची आणि फ्रेमवरचं लॉक दोन्ही बाजूंनी खाली ओढायचं, की स्लाइड पुढून निघते. जास्त मागे ओढली तर ट्रिगर परत रीसेट होतो आणि पहिल्यापासून सुरू, सुरुवातीला माझं नेहमी असंच व्हायचं.

स्प्रिंग आणि बॅरल हाताने निघतात. ब्रश चेंबरच्या बाजूने घालायचा, तोंडाकडून नाही, नाहीतर तोंडाची कड झिजते आणि काजळी उलटी चेंबरकडे येते. तेल मात्र थेंब-थेंबच, लोकं अक्षरशः न्हाऊ घालतात, मग त्यात बंदुकीच्या दारूची राख चिकटून काळा चिखल होतो. स्ट्रायकरची (गोळीवर आपटणाऱ्या पिनेची) नळी तर कोरडीच ठेवायची.

आणि हे काम जेवायच्या टेबलावर नको, काजळीत शिसं असतं. माझी मुलगी चार वर्षांची आहे, त्यामुळे गॅरेजमध्येच, ग्लोव्हज घालून, नंतर गार पाणी आणि साबणाने हात धुतो.

परत जोडून झालं की रिकाम्यावरच ट्रिगर दाबून धरायचा, स्लाइड ओढून सोडायची, मग ट्रिगर हळूच सोडला की रीसेटचा ‘टक’ ऐकू येतो. तो आला. आता पूजेपर्यंत तिजोरीत, गोळ्या वेगळ्या कुलपात.