गिरगावातला छापखाना, विंडोजचा प्रोग्रॅम आणि लिनक्सचा संगणक

गिरगावातल्या आमच्या छोट्या छापखान्यात लग्नपत्रिकांची जुळणी आजही पेजमेकर ७ वर होते. २००१ सालच्या या प्रोग्रॅमला युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना वेगवेगळे क्रमांक देणारी पद्धत, कळत नाही, आणि त्या काळचे आमचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवून केलेले आहेत. वीस वर्षांच्या फायली याच पद्धतीच्या असल्यामुळे, गेल्या पावसाळ्यात विंडोज एक्सपीचा जुना संगणक बंद पडला आणि लॅमिंग्टन रोडवर त्याचा मदरबोर्ड काही मिळेना, तेव्हा नव्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स घालून हाच विंडोजचा प्रोग्रॅम वाईनमधून चालवायचे मी ठरवले.

वाईन म्हणजे आभासी संगणक नव्हे. प्रोग्रॅम विंडोजकडे ज्या मागण्या करतो, म्हणजे फाइल वाच, खिडकी उघड, त्या ती लिनक्सला समजतील अशा करून पुढे पाठवते. तिचे काम १९९३ मध्ये सुरू झाले आणि १.० आवृत्ती निघायला २००८ उजाडले, हे वाचल्यावर माझ्या दोन संध्याकाळी वाया गेल्याचे फारसे वाईट वाटले नाही.

प्रोग्रॅम बसला, फॉन्ट वाईनच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकले आणि एक जुनी पत्रिका उघडली. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ या पहिल्याच ओळीत ‘श्री’च्या जागी चौकोन होता, आणि खाली ‘आशीर्वाद’मधला रफार नाहीसा झाला होता. साधी अक्षरे मात्र जागच्या जागी होती. मी फॉन्टवर संशय घेऊन ते दोनदा काढले आणि पुन्हा घातले. शेवटी भाची म्हणाली, “मामा, तुझ्या लिनक्सची भाषा मराठी आहे ना? वाईनपुरती इंग्रजी करून बघ.”

दोष तिथेच होता. जुन्या फॉन्टमधली बरीच जोडाक्षरे १२८ च्या पुढच्या क्रमांकांवर असतात आणि ते क्रमांक कसे वाचायचे, हे कोडपेज ठरवते. वाईन आपले कोडपेज लिनक्सच्या भाषेवरून निवडते. आमच्या फायलींना हवे होते ते पश्चिम युरोपीय भाषांचे १२५२. भाषा अमेरिकन इंग्रजी सांगून वाईन सुरू केल्याबरोबर ‘श्री’ परत आला. मराठी नीट दिसावी म्हणून संगणकाला इंग्रजी व्हायला सांगावे लागले, हे मला अजूनही पचलेले नाही.

मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅम मात्र वाईनमध्ये चाललाच नाही. त्याला यूएसबी डोंगल, म्हणजे जोडल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नाही अशी किल्ली, लागते, आणि डोंगलच्या ड्रायव्हरला (ते चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) खुद्द विंडोजचाच गाभा हवा असतो, जो वाईनकडे नाही. म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे खरोखरच्या आभासी संगणकात, एक्सपी बसवली, इंटरनेटची जोडणी मुद्दाम तोडून. तिथेही डोंगल दिसेना, कारण लिनक्सवर आपले खाते व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी गटात घालावे लागते, हे मला ठाऊक नव्हते. छपाईला काहीच त्रास झाला नाही. लिनक्सला जोडलेला प्रिंटर पेजमेकरच्या यादीत आपोआप आला.

आता नवा मजकूर एक्सपीत टाइप होतो, सामाईक फोल्डरमधून बाहेर येतो आणि वाईनमध्ये पानावर बसतो. एखाद्या अक्षराच्या दुरुस्तीसाठी मात्र मी एक्सपी उघडत नाही. त्याच पत्रिकेतले हवे ते अक्षर उचलून चिकटवतो.