पॉलिश पेपरवरची होडी

सॅन डिएगोला मिशन बेच्या काठावर आमची एक सेकंडहँड होबी कॅट असते, सिक्स्टीनवाली. दोन केळ्यांसारखे बाकदार हल, म्हणजे पाण्यात तरंगणारे पोकळ सांगाडे, मधे खाटेसारखा ताणून बांधलेला ट्रॅम्पोलिन, वर शीड, झाली होडी. मालवणात हिला कोणी होडी म्हणणार नाही हे मला माहितीये. पण अशा दोन हलांच्या होडीला म्हणतात कॅटामरान, आणि तो शब्द मूळचा तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं, तेव्हा अगदीच परकी पण नाही म्हणायची.

ही काढली होबी आल्टरने, सर्फबोर्ड बनवणारा माणूस, आमच्यापासून तासाभरावर कॅपिस्ट्रानो बीचला. १९६८ मधे आधी चौदा फुटी आली, मग ही. खाली सेंटरबोर्ड, म्हणजे पाण्यात उतरणारी उभी फळी, नाही, हल एका बाजूने चपटे एका बाजूने फुगीर, त्यामुळे वाऱ्याने बाजूला सरकत नाही, रडर म्हणजे सुकाणू पण खाली काही लागलं की टपकन वर उचलले जातात, म्हणजे धक्का नको, जेटी नको, लाटेवरून सरळ वाळूत घुसायचं. घुसायला मस्तच वाटतं हो. प्रॉब्लेम त्यापुढच्या वीस पावलांचा आहे.

होडीचं वजन साधारण १४५ किलो, म्हणजे दोन माणसं हैशा करून ओढू शकतात, आणि तिथेच सगळं चुकतं! जड असती तर चार लोकांना हाक मारली असती. पहिला अख्खा सीझन आम्ही दोघांनी ती तशीच फरफटत वर नेली, भरतीच्या खुणेपर्यंत, वर एकमेकांना शाब्बासकी. हल बाकदार असल्यामुळे सगळा भार तळाच्या एवढ्याशा पट्टीवर येतो आणि खाली वाळू म्हणजे शेवटी पॉलिश पेपरच की, फक्त मैलभर लांब. आधी चकाकी गेली, मग जेलकोट, म्हणजे वरचा पांढरा थर, गेला, मग एक दिवस मी खाली आडवी होऊन बघितलं तर फायबरचं विणकाम दिसत होतं, जुन्या गोणपाटासारखं. बोटाने टकटक केलं की बाकी ठिकाणी खणखणीत आणि तिथे मात्र आवाज भद्द. नवरा म्हणाला, "अगं, वापरलेली वस्तू आहे, चालायचंच." मी काही बोलले नाही, कारण दोर ओढायला पुढे मीच असायचे.

आणि मला हे कळायला हवं होतं ना! लहानपणी किनाऱ्यावर रोज बघितलंय, होडी कधी नुसत्या वाळूवरून यायचीच नाही, खाली तेल लावलेली लाकडं टाकायची, मागचं लाकूड मोकळं झालं की पोरांनी पळत नेऊन पुढे टाकायचं. ते आमचं काम. एकदा मी उशीर केला आणि होडी वाळूत टेकली, तर काका ओरडले होते, "गो, होडयेक फरपटू नको, चलय तिका!"

आता आमच्याकडे लाकडांच्या जागी फुग्यासारखी जाड टायरची चाकं आहेत, हवा अगदी कमी भरलेली, म्हणजे वाळूत रुतत नाहीत. आधी होडीचं तोंड वाऱ्याकडे करून शिडं खाली घ्यायची, नाहीतर ती मधेच आपली आपण निघते. मग एकाने पुढून उचलायचं आणि दुसऱ्याने चाकांचा दांडा खाली सरकवत तोल सापडेपर्यंत न्यायचा, दोन्ही हल एकाच वेळी खोबणीत बसले पाहिजेत, एक बसला एक राहिला तर सगळी फ्रेम पिळवटते. वर नेल्यावर वाळूत दोन उथळ खळगे करून त्यात जुन्या कार्पेटचे तुकडे घालायचे, म्हणजे भार पसरतो. आणि हलच्या मागचे बूच काढायचे, हे मी तरी कधी विसरत नाही, कारण आत राहिलेलं पाणी पुढच्या वेळी आपल्यालाच उचलायचं असतं.

तळाला रेझिन आणि फायबरच्या पट्ट्या लावून झाल्या, दोन वीकेंड घासण्यात गेले, तेही पॉलिश पेपरनेच.

फक्त एक गोष्ट अजून जमत नाही. ही चाकं तरंगतात. गुडघाभर पाण्यात होडीखाली दाबायला जावं तर बुडतच नाहीत, निसटून भप्पकन वर येतात. काल मी पुढून होडी उचलून उभी, हात भरून आलेले, आणि चाकं आपली निवांत पाण्यावरून शेजारच्या बोटीकडे निघालेली आणि त्यांच्या मागे नवरा, चष्मा सांभाळत.