बुदापेश्त : पुलावरची सात मिनिटं

साखळी पूल चालत ओलांडायला मला सात मिनिटं लागली, तीही मधे थांबून नदी बघत. 1820 च्या डिसेंबरात इश्तवान सेचेन्यी या तरुण हंगेरियन सरदाराला हीच नदी ओलांडण्यासाठी आठवडाभर काठावर थांबावं लागलं होतं. वडील गेल्याची खबर आली होती, अंत्यविधीला पोचायचं होतं आणि नदीतून बर्फाच्या लाद्या वाहत होत्या. होड्या जोडून केलेला पूल असायचा, पण तो थंडीत काढून ठेवत.

भाची इथे शिकते. तिने मला स्टेशनवरून घेतलं आणि ट्रॅममध्ये बसल्याबसल्या पहिला धडा दिला. "मावशी, पेस्ट नाही, पेश्त. आणि डॅन्यूब कुणी म्हणत नाही इथे, दुना म्हणतात." मला दुना आवडलं. नावात आपल्या नदीचा गोडवा आहे. पश्चिमेच्या काठावर डोंगराळ बुदा, पूर्वेला सपाट पेश्त. बुदा, पेश्त आणि जुनं ओबुदा ही तिन्ही गावं 1873 मध्ये एक झाली. पण कागदावर एक व्हायच्या आधी चोवीस वर्षं त्यांना या पुलाने बांधलं होतं.

त्या आठवड्याने सेचेन्यींच्या मनात पूल बसला तो कायमचा. आराखडा विल्यम टिअर्नी क्लार्क या इंग्रज अभियंत्याचा, प्रत्यक्ष काम पाहिलं अ‍ॅडम क्लार्क या स्कॉटिश माणसाने. आडनाव एक, नातं काही नाही. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटली ती पथकराची. हंगेरीचे उमराव तोवर कर भरतच नसत. या पुलावर मात्र उमराव असो की शेतकरी, प्रत्येकाने पैसे मोजायचे असा कायदा झाला. पूल 1849 च्या नोव्हेंबरात खुला झाला, तेव्हा सेचेन्यी व्हिएन्नाजवळच्या मनोरुग्णालयात होते. 1848 च्या क्रांतीच्या धामधुमीत त्यांचं मन खचलं, ते तिथून परत आले नाहीत. 1860 मध्ये तिथेच त्यांनी आयुष्य संपवलं. आज पुलाला त्यांचं नाव आहे. कठड्याला हात लावून मी थोडा वेळ उभी राहिले. ज्याने पुलाचा एवढा ध्यास घेतला, त्यालाच तो पुरा झालेला बघायला मिळाला नाही, हे मनातून जाईना.

जानेवारी 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा पूल उडवला. शहरातला एकही पूल त्यांनी शिल्लक ठेवला नाही. बरोबर शंभर वर्षांनी, 1949 च्या नोव्हेंबरात, साखळी पूल पुन्हा खुला झाला.

बुदाच्या टेकडीवरचा किल्ला आणि मच्छीमारांचा बुरूज मी भराभर पाहिला. गर्दी फार होती आणि प्रत्येक कमानीत फोटोसाठी रांग. देखावा सुंदर आहेच, पण सकाळी सातच्या आत जा. तिथे एक गोष्ट मात्र डोक्यात घोळत राहिली. बुदावर 1541 पासून ऑटोमन तुर्कांची सत्ता होती, ती 1686 च्या सप्टेंबरात संपली. त्याच सप्टेंबरात आपल्याकडे विजापूर औरंगजेबाच्या हाती पडलं. शाळेत आपण हे दोन इतिहास वेगवेगळ्या पुस्तकांत वाचले. टेकडीवर उभं राहून मला पहिल्यांदाच ते एका पानावर दिसले.

तुर्कांनी मागे ठेवलेली चीज खाली नदीकाठी आहे, रुदाश नावाचं गरम पाण्याचं स्नानगृह. सोळाव्या शतकातला घुमट, त्याला आठ खांब, मधे अष्टकोनी हौद, चार कोपऱ्यांत चार लहान हौद. घुमटात रंगीत काचा बसवलेली छोटी भोकं आहेत, त्यांतून लाल-हिरवा उजेड वाफेत तिरपा उतरतो. जमिनीखालून येणारं पाणी, त्याला गंधकाचा मंद वास. आम्ही गेलो तो फक्त बायकांचा दिवस होता. मधल्या हौदात 36 अंशांचं पाणी, कोपऱ्यातल्या एकात 42. शेजारी सत्तरीच्या दोन बायका गळ्यापर्यंत पाण्यात बसून अखंड बोलत होत्या, आपल्याकडे घाटावर बोलतात तशाच, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं. भाषा एक अक्षर कळत नव्हती, विषय सगळे कळत होते. मी 42 च्या हौदात फार वेळ बसले तेव्हा त्यांतल्या एकीने मनगटावर बोट ठेवून, मान हलवून मला बाहेर काढलं आणि गार पाण्याकडे बोट दाखवलं. अनोळखी मुलखात असं कुणी हक्काने दटावलं की बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी पेश्तच्या कोशुत लायोश रस्त्यावरून चालताना भाचीने फ्रान्सिस्कन चर्चच्या भिंतीवरचं शिल्प दाखवलं. पुरात बुडणारी माणसं आणि त्यांना होडीत ओढून घेणारा एक माणूस. मार्च 1838 मध्ये नदीत खाली बर्फाचा बांध तयार झाला, पाणी मागे फुगलं आणि पेश्तमध्ये शिरलं. दोन हजारांहून जास्त घरं कोसळली, दीडशेवर माणसं गेली. होडीतला तो माणूस म्हणजे मिक्लोश वेशेलेन्यी. जातीने तो उमराव, पण त्या दिवसांत तो स्वतः गल्लोगल्ली होडी घेऊन फिरला. या भागातल्या जुन्या भिंतींवर अजून पाट्या आहेत. दगडात कोरलेला एक हात, त्याचं बोट एका रेघेवर. पाणी इथपर्यंत आलं होतं.

मी त्या बोटाखाली उभी राहिले आणि मला आजी आठवली. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ती शनिवार पेठेतल्या वाड्यात होती. जिन्याजवळच्या भिंतीवर ओलीची तपकिरी रेघ राहिली होती. आम्ही लहानपणी त्या रेघेला हात पुरतो का ते बघत असू. पुढे वाडा पाडला, रेघही गेली. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. पेश्तच्या त्या भिंतीशी मात्र घशात आवंढा आला. आपण एक तरी दगड जपायला हवा होता.

जेवणाची काळजी करत गेले होते, पण शाकाहारी माणसाला लांगोश पुरतो. तळलेली मऊ जाड पोळी, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. गरमच खायची, गार झाली की चामडं होते. मोठ्या बाजारात, 1897 च्या त्या लोखंडी मंडईत, लाल मिरच्यांच्या माळा पाहून मला हुबळीकडची ब्याडगी आठवली. पाप्रिका तशीच आहे, रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. मिरची अमेरिकेतून निघालेली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली, इथे तुर्कांच्या वाटेने आली, आणि आता दोन्ही घरांना वाटतं की ती आपलीच. सेगेड शहराच्या पाप्रिकेतूनच अल्बर्ट सेंट-ग्यॉर्ग्यी यांनी क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळं काढलं, 1937 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मी अर्धा किलो घेतली. वालाच्या उसळीत ती कशी लागते ते घरी बघणार आहे.

एक संध्याकाळ मी अमृता शेरगिलसाठी ठेवली होती. ती या शहरात जन्मली, 30 जानेवारी 1913 ला. आई हंगेरियन गायिका, वडील पंजाबचे सरदार. नंतर 1936 च्या हिवाळ्यात ती अजिंठ्याला गेली आणि तिच्या चित्रांतली माणसं बदलली, स्थिर झाली, मातीच्या रंगाची झाली. अजिंठ्याला मी चारदा गेले आहे, दरवेळी तिची आठवण काढून. या वेळी तिच्या जन्मगावात बुदाच्या काठाने एकटी चालले, पिवळी पानं पायाखाली, समोर पाण्यात पेश्तचे दिवे. तिच्या लहानपणीचा उजेड असाच असेल, एवढंच मला हवं होतं.

त्याच काठावरून समोर संसद दिसते. तिचा घुमट 96 मीटर उंच, कारण मग्यार, म्हणजे हंगेरियनांच्या पूर्वजांच्या, टोळ्या या मुलखात आल्या ते वर्ष 896 मानतात. आतलं तिकीट आम्हाला मिळालं नाही, आठवडाभर आधी काढायला हवं होतं. पण खरं सांगते, ही इमारत नदीपलीकडूनच बघायची. रात्री ती सोन्यासारखी उजळते आणि पाण्यात उलटी उतरते.

शेवटच्या दिवशी संसदेकडून दक्षिणेला पेश्तच्या काठाने चालत निघालो. धक्क्याच्या दगडी कडेवर बूट आहेत. साठ जोड, लोखंडाचे, पायांतून आत्ता काढून ठेवल्यासारखे. कामगाराचे जाड बूट, टाचांच्या चपला, एक लहान मुलाचा जोड. 1944-45 च्या हिवाळ्यात अ‍ॅरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्टांच्या टोळ्यांनी ज्यूंना इथे आणलं, बूट काढायला लावले, कारण बुटांना किंमत होती, आणि नदीच्या कडेला उभं करून गोळ्या घातल्या. नदीने सगळ्यांना नेलं. दिग्दर्शक जान तोगाय यांची कल्पना, शिल्प ज्युला पाउएर यांचं, 2005 मध्ये बसवलेलं. चौथरा नाही, कठडा नाही. वाकल्याशिवाय ते दिसत नाहीत.

मुलाच्या बुटात कुणी तरी गोटे ठेवले होते, शेजारच्या जोडात एक मेणबत्ती विझलेली होती. खाली दुना भरभर वाहत होती, मी वाफाळलेल्या पाण्यात बसले होते त्या काठाच्या समोरून. भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, मी रोज दोन नंबरच्या ट्रॅमने इथूनच जाते. तीन वर्षं झाली, पण खाली उतरून आज आले."

आम्ही दोघी दगडावर बसलो. पिवळी ट्रॅम मागून गेली, मग दुसरी गेली. तिसरीही आम्ही जाऊ दिली.