हातगाडीवाल्यांसाठी नगरपालिका काय करू शकते?

स्थानिक व्यापाराला मदत म्हटलं की नगरपालिका आधी गाळे बांधायला काढते. २०१४चा पथविक्रेता कायदा नीट राबवला तरी बरंच काम होतं, आणि त्याला सिमेंटही लागत नाही.

सुरुवात विक्रेत्यांच्या सर्वेक्षणापासून. ते किमान दर पाच वर्षांनी करायचं असतं. घोळ होतो तो वेळेचा. कर्मचारी सकाळी अकराला फिरतात आणि संध्याकाळी पाचला गाडी लावणारा वडापाववाला यादीतून सुटतो. आठवडी बाजाराच्या दिवशी तर वेगळी फेरीच मारायला हवी. यादीत नाव नाही म्हणजे विक्रीचं प्रमाणपत्र नाही. मग पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्राच्या कर्जयोजनेतल्या पहिल्या कर्जासाठी (आता १५,००० रुपये) पालिकेच्या शिफारसपत्रामागे हेलपाटे.

नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश महिला. ही समिती कागदावरच राहिली की जागा ठरवताना विक्रेत्यांना कोणी विचारत नाही आणि ओटे गावाबाहेर बांधले जातात. एसटी स्टँडवरून घरी जाताना घ्यायच्या मेथीच्या जुडीसाठी वाट वाकडी कोण करणार? ओट्यांवर मग दुचाक्या लागतात.

जप्तीचे नियम तर विक्रेत्यांनाही ठाऊक नसतात. जप्त मालाची यादी हातात मिळायला हवी. शुल्क भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी परत, बाकीचा कामाच्या दोन दिवसांत. जागेवरून हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस. एवढं लिहिलेला फलक मंडईच्या दारात लावायला कितीसा खर्च येतो?