‘ती’चं ‘ते’ होतं तेव्हा

रात्रीचे साडेअकरा. पाऊस थांबलेला नाही.

आज दिवसभर इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगची ‘पॉर्फिरियाज लव्हर’ मराठीत आणायची खटपट चालली होती. ६० ओळींची कविता, १८३६ साली पहिल्यांदा छापून आलेली.

सुरुवातीला सगळी कामं ती, म्हणजे पॉर्फिरियाच करते. वारापावसातून येते, दार लावून घेते, गुडघ्यांवर बसून थंड पडलेली शेगडी पेटवते. भिजलेली शाल उतरवते, मळलेले हातमोजे काढून बाजूला ठेवते. त्या हातमोज्यांपाशी मी बराच वेळ थांबले. तो, तिचा प्रियकर, नुसता बसलेला. कविताभर बोलतो तोच. हाक मारली तरी ओ देत नाही. शेवटी तीच त्याचा हात आपल्या कमरेभोवती घेते.

मग त्याला उमगतं की हिचा आपल्यावर जीव आहे. ह्या क्षणी ती माझी आहे, फक्त माझी. तिच्याच पिवळ्या केसांचा पेड तिच्या गळ्याभोवती तीनदा गुंडाळून तो तिला मारतो. तिला काही दुखलं नाही, म्हणतो. लगेच पुन्हा तेच म्हणतो. मनातून खात्री असती तर दुसऱ्यांदा कशाला सांगितलं असतं?

अडले ते पुढच्या ओळींत. तिचं डोकं आता त्याच्या खांद्यावर आहे, आणि तो त्या डोक्याविषयीच बोलू लागतो. हसरं, गुलाबी, इवलंसं. त्या डोक्याच्या मनासारखं झालं, त्याला मी मिळालो, म्हणतो. इंग्रजीत ‘शी’चं ‘इट’ होतं आणि अंगावर काटा येतो. मराठीत डोकं नपुंसकलिंगीच, त्यामुळे ‘ते’ खटकतच नाही. उलट त्यात माया येते. “झोपलं का ते?” असं आपण पाळण्यातल्या बाळाबद्दल विचारतोच की.

ब्राउनिंगचीच दुसरी कविता, ‘माय लास्ट डचेस’, १८४२ची. तिथल्या ड्यूकनं बायकोच्या चित्रावर पडदा लावलाय, तो सरकवायचा फक्त त्यानंच. ती जिवंत असताना कुणाकडेही बघून हसायची, ते त्याला सोसवलं नाही. पण तो निदान तिला ‘ती’ तरी म्हणतो.

वहीत तीनदा ‘ते’ खोडून ‘ती’ लिहिलं. मला तिला परत आणायचं होतं. पण बोलतोय तो, मी नाही. आता ‘ते’च ठेवलंय, आणि ती मायाही तशीच राहू दिली आहे. त्याला ते प्रेमच वाटतंय.