हात जाईल एवढी जागा

माझ्या फोनमध्ये 'प' या अक्षरापाशी आलं की ओळीने प्लंबरच लागतात. प्लंबर, प्लंबर नवा, प्लंबर जुना पण बरा, प्लंबर वॉचमनने दिलेला, प्लंबर उचलत नाही. यातल्या एकाचंही आडनाव मला ठाऊक नाही. त्यांच्या फोनमध्येही मी 'कर्वेनगर लिकेज' अशीच असणार. पण आमच्या घराबद्दल त्यांना जे ठाऊक आहे ते आम्हाला नाही, ते म्हणजे भिंतीच्या आत काय आहे. कर्ज फिटलं, घर आमच्या नावावर आहे, इंडेक्स टू फायलीत लावलेला आहे. पण गरम पाण्याची लाइन टाइलमागे नेमकी कुठे वळते हे कुणी विचारलं, तर 'जुना पण बरा' याला फोन लावावा लागतो. तो पलीकडून, बहुतेक दुसऱ्या कुणाच्या तरी सिंकखालून, सांगतो, "गिझरपासून वीतभर खाली या काकू, तिथून डावीकडे गेलीये."

प्लंबर घरात आला की चपला काढतो, पिशवी खाली ठेवतो, नळाकडे बघतो आणि म्हणतो, "हे कोणी केलंय?" हा प्रश्न उत्तरासाठी नसतो, त्यामुळे आपण गप्प राहायचं. वेगळ्या घराण्याच्या गवयाबद्दल बोलावं तसा तो आधीच्या प्लंबरबद्दल बोलतो. माणूस चांगला असेल हो, पण हे असं नसतं करायचं. टेफलॉनची पट्टी उलटी गुंडाळलीये, आट्याच्या दिशेने गुंडाळायला हवी होती. एल्बोवर, म्हणजे वळणाच्या जोडावर, ताण आलाय. इथे युनियन, म्हणजे उघडता येणारा जोड, टाकलं असतं तर पुढच्या माणसाला लाइन न कापता उघडता आली असती. एकदा तर ते काम त्याचं स्वतःचंच होतं. मी तसं म्हटलं. त्याने पुन्हा एकदा जॉइंटकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "मग तेव्हा तुम्हाला घाई असेल."

युनियनचं ते वाक्य मात्र माझ्या डोक्यात बसलं आहे. पुढच्या माणसाला उघडता आलं पाहिजे. त्याकडे येतेच, पण आधी ठिबकणाऱ्या नळाबद्दल.

रात्री दोन वाजता बेसिनचा नळ ठिबकत असेल तर अंथरुणात पडल्या पडल्या हिशेब करून बघा. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे 86,400 थेंब. मिलिलिटरला वीस थेंब म्हटलं तर चार लिटरच्या थोडं वर. म्हणजे कळशीसुद्धा भरत नाही. आपण प्लंबर बोलावतो तो पाण्यासाठी नाही, आवाजासाठी. उलट फ्लशची टाकी मुकाट्याने, दिवसरात्र, याच्या कितीतरी पट पाणी कमोडमध्ये सोडत असते आणि तिच्यामुळे कुणाची झोप उडत नाही. ती पकडायची युक्ती 'जुना पण बरा' याने मला शिकवली. टाकीत थोडी नीळ टाकायची आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश करायचा नाही. खाली भांड्यात निळं पाणी उतरलं तर आतला वॉशर गेला. असली विद्या फुकट वाटून हा आपल्याच पोटावर पाय आणतोय असं मला वाटलं होतं. मी ती युक्ती जिन्यात चौघींना सांगितली. सगळ्यांनी नीळ टाकली, निम्म्या टाक्या गळक्या निघाल्या, आणि पुढे बरेच दिवस त्याची सायकल आमच्याच पार्किंगमध्ये उभी असायची.

वासाचंही असंच. दिवाळीला गावी जाऊन आलं की पाहुण्यांच्या बाथरूममधून वास येतो आणि आपण फिनेल ओतत बसतो. त्याला फिनेल नको, तांब्याभर पाणी हवं. नहाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये नेहमी थोडं पाणी साठून राहिलेलं असतं, तेच खालच्या गटाराची हवा अडवतं. वापर नसला की ते सुकतं आणि वाट मोकळी होते. संडासाच्या नळीला वळण देऊन त्यात पाणी अडवायचं पेटंट 1775 साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने लंडनमध्ये घेतलं. इकडे पुण्याचे पेशवे सवाई माधवराव तेव्हा जेमतेम वर्षाचे होते. एवढ्या वर्षांत नळ बदलले, भांडी बदलली, वळणात पाणी अडवायची कल्पना मात्र तीच राहिली.

आमच्या घरी प्लंबरची खरी आठवण येते ती शुक्रवारी. पुण्यात पंपिंग स्टेशनच्या, जलवाहिन्यांच्या दुरुस्तीची कामं महापालिका बहुधा गुरुवारी काढते. मग पेपरात ते ठरलेलं निवेदन येतं, गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येईल. सासूबाई बुधवारी रात्रीच पातेली, बादल्या, पिंप, झालंच तर इडलीपात्रसुद्धा भरून ठेवतात. 1961 च्या जुलैमध्ये पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि शहराचे नळ कोरडे पडले, ते त्यांनी शाळकरी वयात पाहिलं आहे. त्यांच्या साठवणीला हसायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. शुक्रवारी पाणी येतं ते आधी फुरफुरत, मग तांबूस. पाइपात सुटलेला गंज, वाळूचे कण, सगळं नळाच्या तोंडच्या जाळीत येऊन अडकतं, धार करंगळीएवढी होते आणि आपल्याला वाटतं नळ गेला. जाळी फिरवून काढायची, जुन्या टूथब्रशने घासायची, परत लावायची. हे मला आता जमतं. पण पान्ह्याने नळावर चरा पडू नये म्हणून आधी फडकं गुंडाळायचं असतं, ते 'उचलत नाही' याने दाखवलं, जेव्हा तो उचलत असे तेव्हा.

काही सामान लागलं तर खरी परीक्षा घरातल्या पुरुषाची होते. "साहेबांना पाठवा, अर्धा इंची अँगल कॉक आणि एक निपल घेऊन येऊ दे." साहेब जातात. हार्डवेअरच्या दुकानात चार प्लंबर उभे असतात, दोन वाक्यांत सामान घेऊन निघून जातात आणि आमच्या साहेबांची पाळी येते. अर्धा की पाऊण? आतून आटे की बाहेरून? पितळी की प्लास्टिक? निपल किती इंची? मग दुकानातून फोटो येतात. प्लंबर फोटो बघून मान हलवतो. मी तसं कळवते. दुसरा फोटो येतो. यावर उपाय एकच, जुना काढलेला तुकडा पिशवीत घालून न्यायचा आणि काही न बोलता काउंटरवर ठेवायचा. बँकेत तीस वर्षं अधिकारपदावर काढलेला माणूस गंजका एल्बो रुमालात गुंडाळून निघतो तेव्हा त्याच्याकडे बघू नये. मोठी खरेदी असली तर हे थेट रविवार पेठेत बोहरी आळीत जातात. तिथे स्वस्त मिळतं म्हणून नव्हे, तिथे त्यांना कुणी ओळखत नाही म्हणून.

पूर्वी हे सोपं होतं. पितळी नळाचा रबरी वॉशर झिजला की दोन रुपयांचा नवा घालायचा, नळ पुन्हा दहा वर्षं. आता पाव फेऱ्यात उघडणारे चकचकीत नळ आले, त्यांच्या आत सिरॅमिकच्या चकत्यांचं काडतूस असतं आणि ते त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं लागतं. कंपनीने मॉडेल बंद केलं असेल तर अख्खा नळ बदला. कामही बदललं. लोखंडी पाइपाला डाय फिरवून आटे पाडायचे, सफेदा लावलेली सुतळी गुंडाळायची, पान्ह्यावर अंगाचा भार टाकायचा, हे बघायला आम्ही मुलं वाड्यात गोळा व्हायचो. आता सीपीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचा पिवळट पाइप कापतात, सोल्युशन लावतात, दाबून धरतात, झालं. गंजत नाही, आतून अरुंद होत नाही. आमचा जुना जीआय, म्हणजे लोखंडी, पाइप कापला तेव्हा त्याच्या आत बोट जाईना, एवढा गंज चढलेला. तेव्हा नव्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण एकदा चिकटवलेला जोड उघडत नाही. तो कापावा लागतो.

हा पाइप बसवला 'प्लंबर नवा' याने. तो ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याचा. त्या भागातली गावंच्या गावं प्लंबिंगच्या धंद्यात आहेत, देशभर पसरली आहेत, आणि तिथे पट्टामुंडईला या कामाचं शिक्षण देणारी सरकारी संस्थाही आहे. मला हे त्याच्याकडूनच कळलं. चहा पिताना मी म्हटलं, मग तुमच्याकडे घरोघरी नळ एकदम झकास असतील. तो हसला. "गाँव में प्लंबर कहाँ है आंटी, सब बाहर हैं."

आता भिंतीच्या आतलं. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला ओल आली की ते वर येतात, बसत नाहीत, पाणीही घेत नाहीत. सोसायटीच्या आदर्श उपविधींत गच्चीची गळती आणि बाहेरचे सामाईक पाइप सोसायटीकडे, घरातल्या संडास-बाथरूम-सिंकमधून झालेली गळती ज्याची त्याच्याकडे, असं स्पष्ट आहे. भांडण होतं ते पाणी नेमकं कुठून येतंय यावर. पाणी जिथे दिसतं तिथे फुटलेलं नसतं. ते स्लॅबमधून आडवं चालत जातं आणि सोयीची फट मिळाली की उतरतं. मग प्लंबर येतो, टाइलवर बोटांनी टकटक करत कान लावतो, पोकळ कुठे वाजतंय ते बघतो, आणि म्हणतो, "फोडावं लागेल." टाइल फुटली की तशी दुसरी मिळत नाही. ज्यांनी उरलेल्या टाइल्स माळ्यावर जपून ठेवल्या, त्या घरातल्या बायकांबद्दल मला फार आदर आहे.

कन्सील्ड नावाचा हा प्रकार मला खरंच कळत नाही. पाइप दिसायला वाईट असतात, कबूल. म्हणून ते भिंतीत पुरायचे, वर गिलावा, वर टाइल, आणि मग ते कधीच फुटणार नाहीत असं समजून पन्नास वर्षं जगायचं? याच गावात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी बंदिस्त नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, वीज नाही, सगळं काम उतारावर. पण मला त्यात सगळ्यात आवडतात ते उच्छ्वास. नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी त्यांनी विहिरीसारखी मोकळी जागा ठेवली, कोंडलेली हवा वर निघून जावी, गाळ खाली बसावा, आणि तो काढायला माणूस आत उतरावा म्हणून. बांधतानाच ते धरून चालले होते की हे तुंबणार आहे. त्या पाण्याचे हौद पेठांतून होते, काळा हौद, फडके हौद. आता बहुतेक ठिकाणी चौकाला नाव तेवढं उरलंय. पण रस्ता खणताना कुठे तरी तो जुना नळ उघडा पडतो, पेपरात फोटो येतो, आणि आमच्या बाथरूमचा जन्म ज्या साली झाला त्या सालची लाइन मात्र कुठे आहे ते बिल्डरलाही सांगता येत नाही.

यंदा आमच्या शेजारी स्वयंपाकघराचं नूतनीकरण चाललं आहे, त्यामुळे मी 'जुना पण बरा' याला त्यांच्या हवाली केला. मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. आणि सिंकमागे, वॉल्व्हपाशी, उघडता येईल असं दार ठेवा. फोटो त्यांनी काढले. दारावरून मात्र इंटिरिअरवाली मुलगी अडून बसली. तिच्या चित्रात तिथे सलग पांढरं पॅनेल होतं, एक रेघ नाही. दाराने लाइन तुटते, म्हणाली.

"लाइन तुटली तरच दार लागतं मॅडम," प्लंबर म्हणाला. तो विनोद करत नव्हता.

बरीच चर्चा झाली. शेजारच्या वहिनी दोन्ही बाजूंना मान डोलावत होत्या. शेवटी मुलीने सुताराला विचारलं, लहानात लहान केवढं दार चालेल? सुताराने प्लंबरकडे बघितलं. प्लंबरने बाही वर केली, मूठ वळली आणि कोपरापर्यंतचा हात पान्ह्यासकट त्या पोकळीत घालून फिरवून दाखवला. "एवढं. पान्हा फिरला पाहिजे." सुताराने त्याच्या हाताच्या चहूबाजूंनी पेन्सिलीने रेघ मारली. मुलीने माप घेतलं, एका बाजूने अर्धा इंच कमी करून बघितलं, प्लंबरने हात पुन्हा घातला, तो अडकला, तिने अर्धा इंच परत दिला.

दार मंजूर झालं. त्याला मूठ लावायची की नाही, यावर बोलणी चालू आहेत.